चून, सोले आणि मोठीमायचा हात

एप्रिल लागला की वऱ्हाडातल्या बाजारांतल्या भाजीच्या टोपल्या रिकाम्या व्हायला लागत. आता तसं राहिलं नाही, ट्रकांनी बारा महिने फुलकोबी येते, सिमला मिरची येते. पण साठ-सत्तरच्या दशकांत अमरावती-अकोल्याकडे जन्मलेल्या आमच्या पिढीला ते रिकामे बाजार चांगले आठवतात. विहिरी तळाला जात, मळे उठत, अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाई. बाजारात कांदे, आलू, कोहळं आणि सुकत चाललेली वांगी एवढंच उरे. नेमकी तेव्हाच घरातली माणसं वाढलेली असत. शाळांना सुट्या लागलेल्या, आत्याची, मावशीची पोट्टी आलेली, दुपारी पंगतीला पंधरा-वीस पानं. भाकरीबरोबर दोन्ही वेळा काहीतरी चवीचं लागायचंच. आमच्या आया, काकू आणि मोठीमाय ते रोज कुठून आणत होत्या, याचा विचारही तेव्हा आमच्या मनात आला नाही. ताटात येत होतं, आम्ही जेवत होतो.

ते येत होतं चण्याच्या डाळीच्या डब्यातून. पातळ चून, म्हणजे पिठलं, भातावर, घट्ट चून भाकरीवर, त्याहून कोरडं केलं की झुणका. ताकात कालवलेलं चून आंबट, शेवग्याच्या पाल्याचं किंचित कडसर, पातीच्या कांद्याचं गोडसर. तेच पीठ शिजवून ताटात थापायचं, वरून खोबरं, खसखस आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरायचा, वड्या कापायच्या आणि काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडायच्या, म्हणजे पातोडीची भाजी. ही अचानक आलेल्या पाहुण्यासमोरसुद्धा मानानं ठेवता येई. डाळ भिजवून भरड वाटली की कढीगोळे. चण्याच्या जागी तुरीची डाळ घेऊन, लसूण-मिरची घालून वाफवलं की फुणके. गरम फुणका हातानं फोडायचा, त्यावर कच्चं तेल ओतायचं आणि कढीबरोबर खायचा. आठवडाभर रोज डाळच खाल्ली तरी पोरांना रोज वेगळी भाजी खाल्ल्यासारखं वाटायचं, आणि ही सगळी त्या बायकांच्या हाताची करामत होती.

गोळाभाताबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला तो सांगून खरा वाटत नाही. चण्याच्या डाळीचं पीठ त्यासाठी जाडसरच दळून आणायचं, बारीक बेसनाचा गोळा गच्च बसतो. त्यात तिखट, हळद, मीठ, हातावर चोळलेला ओवा आणि कडकडीत तेलाचं मोहन. पाणी अगदी बेतानं, मुठीत दाबला तर गोळा वळला पाहिजे, पण ओला लागता कामा नये. भात अर्धा शिजला, वरचं पाणी आटत आलं, की हे गोळे त्यात रोवायचे आणि झाकण घालून आच मंद करायची. भाताच्या वाफेत गोळा शिजतो आणि गोळ्याचा वास भातात उतरतो. पानात वाढल्यावर गोळा फोडून भातात कुस्करायचा आणि त्यावर मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरचीची चरचरीत फोडणी पळीनं घालायची. सोबत चिंचेचं सार किंवा ताक. एवढंच. यात कांदा नाही, टोमॅटो नाही, ओलं खोबरं नाही. तरीही ज्याच्या घरी गोळाभात असेल त्याच्या घरी मित्र न बोलावता जेवायला थांबत.

या सगळ्या पदार्थांना लेखी माप कुठंच नव्हतं. कढीला उकळी आली की आधी एकच गोळा सोडायचा. तो टिकला तर बाकीचे सोडायचे, विरघळला तर वाटलेल्या डाळीत चमचाभर कोरडं पीठ मिसळायचं. मोठीमाय चुलीजवळ पाटावर बसून सुनांना सांगायच्या, "अवं, घाई नोको करू. तेल तापू दे, मंग लसूण टाकजो. लसूण जयला का समदी कढी गेली." एवढ्या एका वाक्यात फोडणीचं सगळं शास्त्र आहे. लसूण किती तांबूस होऊ द्यायचा, जिरं त्याच्या आधी की नंतर, तिखट भांडं खाली उतरवून घालायचं की आचेवर, यावर घराघराची चव ठरायची. आमच्याकडे दोन भिंतींपलीकडच्या घरचं चून आम्ही वासावरून ओळखायचो.

आणि एका घरातसुद्धा एकच चव नसायची, कारण सुना वेगवेगळ्या गावच्या. दर्यापूरकडची काकू आली ती मीठ कमी टाकायची सवय घेऊन. अमरावतीच्या सासरी सुरुवातीला तिची भाजी अळणी लागे. कारण तिच्या माहेरी होतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारं, जमिनीखालचे थरच क्षारांनी भरलेले. त्या पाण्यात तुरीची डाळ तासन् तास उकळली तरी दाणा अख्खाच राहतो, कारण पाण्यातले क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. म्हणून तिथल्या बायका पावसाचं किंवा लांबून आणलेलं गोडं पाणी डाळीसाठी वेगळं राखून ठेवत. ज्या दिवशी गोडं पाणी नसे त्या दिवशी वरण नसे, त्या दिवशी चून, कारण दळलेल्या डाळीला कसंही पाणी चालतं. "मीठ जपून टाकजो, पानीच खारं हाये," हे तिथं लेकीला चुलीपाशी बसवल्यावर पहिल्यांदा शिकवायचे. माझं तर ठाम मत आहे की वऱ्हाडात पिठाच्या इतक्या भाज्या निघाल्या त्यामागं उन्हाळ्याइतकाच या पाण्याचाही हात आहे. पुढे अकोटकडच्या ८४ खेड्यांना वान धरणाचं पाणी नळानं मिळायला लागलं, तसं तिथल्या चुलीवर रोजचं वरण शिजायला लागलं.

वरुडकडची मामी आली की स्वयंपाकघराचा वासच बदलायचा. तिकडं संत्र्याचे बगिचे आणि राजुरा बाजारची मिरची. ती येताना वर्षाचं तिखट आणायची आणि संत्र्याच्या साली फेकू द्यायची नाही. सालीच्या आतला पांढरा भाग चाकूनं काढून टाकायचा, साल बारीक चिरून दोनदा उकळत्या पाण्यातून काढायची म्हणजे कडूपणा उतरतो. मग ती तेलावर परतून तीळ, सुकी मिरची, गूळ आणि चिंचेबरोबर पाट्यावर वाटायची. पहिल्यांदा ही चटणी पानात आली तेव्हा आबाजींनी बोटानं चाखली, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. आमच्या घरात मंजुरी मिळायची ती अशी. त्यानंतर दर हिवाळ्यात साली साठवल्या जाऊ लागल्या. दोडक्याच्या शिरा, दुधी भोपळ्याची साल, कोहळ्याच्या बिया, यांच्याही चटण्या घरात अशाच कुणाच्या तरी माहेराहून आल्या.

वऱ्हाडी चवीला लोक बाहेरून फक्त तिखट म्हणतात, हे मला मान्य नाही. तिखट आहे, पण त्याला भाजलेल्या वस्तूंचा आधार असतो. जवस, तीळ, शेंगदाणे, खसखस, सुकं खोबरं, धणे, दगडफूल, सगळं आधी लोखंडी तव्यावर कोरडं भाजायचं आणि मग कुटायचं. तिखटाचा झटका आणि भाजलेल्या जवसाचा तेलकट गोडवा एकाच घासात येतो. गरम भाकरीवर जवसाची चटणी आणि वरून कच्च्या तेलाची धार, यात दोन्ही इतकं नेमकं जुळलेलं आहे की त्यात आणखी काही घालायची गरज भासत नाही.

हिवाळा मात्र उदार. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या हिरव्या शेंगा यायच्या आणि घरातली सगळी माणसं, पोरासोरांसकट, सोले सोलायला बसायची. सोल्यांचा जाडसर ठेचा करून, तेलावर चांगला परतून केलेली आमटी ही माझ्या मते वऱ्हाडातली सर्वांत श्रेष्ठ भाजी. सोले आधी कोरडे भाजायचे की कच्चेच ठेचायचे, यावर अकोल्याची आत्या आणि अमरावतीची आई यांचं कधीच जमलं नाही. आत्या भाजून घ्यायची, तिची आमटी दाट आणि खमंग. आई कच्चे ठेचून भरपूर परतायची, तिच्या आमटीत हिरव्या दाण्याचा गोडवा राही. सोले-वांग्याच्या भाजीत मात्र दोघींचं एकमत, वांगी काटेरी देठाची आणि ताजीच हवीत, मसाला कमी.

भरताची वांगी शेतातच भाजायची. कापूस वेचून झाला की उभ्या पऱ्हाट्या उपटल्या जात, तुरीच्या तुराट्याही असत. त्यांचा जाळ झटकन पेटतो, वांग्याचं साल जळतं आणि गर धुरावतो. भाजलेलं वांगं लाकडी मुसळानं ठेचायचं, त्यात हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, सांबार, तेलात तळलेले शेंगदाणे. घरच्या गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत चांगलं होतं, पण त्याला पऱ्हाटीचा धूर नाही. असाच शेतातला, देवळातला दुसरा बेत रोडग्यांचा, आणि तो पुरुषांच्या हातचा. कणकेचे थरांचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची रस्सेदार भाजी आणि वरण. एरवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीही न येणारे काका त्या दिवशी बाह्या सरसावून पन्नास माणसांची भाजी करत आणि ती उत्तम होई.

चवींची खरी देवाणघेवाण मात्र घरापेक्षा शेतात जास्त व्हायची, हे मला फार उशिरा कळलं. कापूस वेचायला येणाऱ्या बाया दुपारी बाभळीखाली शिदोऱ्या सोडत. भाकर प्रत्येकीची सारखीच, चटणी वेगळी. कुणाकडे लाल मिरचीचा भुरका, कुणाकडे अंबाडीच्या बोंडांची आंबट चटणी, कुणाकडे नुसतं तिखट-मीठ आणि तेल. त्या एकमेकींच्या फडक्यांतून चिमूटभर घेत आणि विचारत, "यात काय टाकलं वं माय?" आमच्या आजीनं तिच्या भुरक्यात आधी लसूण तळून तो कुरकुरीत झाल्यावर कुटायला सुरुवात केली, ती अशाच एका वेचणीवाल्या बाईकडून शिकून. ज्यांच्या घरी डाळ रोज नसायची त्यांनीच चटणी सर्वांत जास्त वाढवली. शेणगावला १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा याच मुलखातले. भाकर हातावर घेऊन खा पण पोरांना शिकवा, असं ते सांगत, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या घरात खरोखरच भाकर आणि चटणीच असायची.

रानभाज्याही या बायकांनीच ओळखीच्या केल्या. पावसाळ्याच्या तोंडी तरोट्याचा कोवळा पाला, मग घोळ, अंबाडी, उन्हाळ्यात ओलिताच्या कडेची चिवळ. अंबाडी आंबट म्हणून ती एकटी शिजवत नाहीत. पाला उकडून पाणी काढायचं, शिजलेल्या ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून घोटायची आणि वरून भरपूर लसणाची फोडणी द्यायची. आंबट, तिखट आणि कण्यांचा सौम्यपणा एकत्र येतो. तरोटा कडसर, म्हणून त्यात डाळ आणि कांदा सढळ. चिवळीची पानं बारीक, माती फार, धुवायलाच अर्धी दुपार जाते, पण बेसन पेरून केलेली चिवळ ज्यानं खाल्ली तो धुण्याचा कंटाळा करत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणात सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील लागते, तेव्हा यांतल्या कितीतरी भाज्यांना देवाच्या पानातही जागा मिळते.

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीतल्या थोरल्यांना स्वच्छ आठवतो. रेशनवर परदेशातून आलेली लालसर मिलो ज्वारी मिळायची आणि दुष्काळी कामांवर सुकडी. मिलोची भाकर थापताना तडे जात आणि गार झाली की चामड्यासारखी होई. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्यानं आणावा लागतो. म्हणून बायकांनी आधणात पीठ घालून उकड काढली, ती मळून भाकर थापली, कधी उडदाची डाळ मिसळून दळली. उरलेल्या भाकरी कुस्करून ताक, कांदा, मिरचीच्या फोडणीवर परतायच्या, की पोरं सकाळी ओरडा न करता खात. त्याआधीच, १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं देशातलं पहिलं संकरित वाण आलं होतं आणि गावोगाव 'हायब्रीड' पेरली जात होती. उत्पन्न वाढलं, पण दाणा लवकर भरायचा आणि परतीच्या पावसात सापडून काळा पडायचा. जुन्या ज्वारीचा गोडवा तिच्या भाकरीला नव्हता, असं आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली. तरी ती भाकर थापायची थांबली नाही. सोबतच्या चुनात लसूण वाढवला, ठेच्यात शेंगदाणा वाढवला, आणि पोरांचं पोट भरलं.

पुढे घरात गॅस आला, मिक्सर आला, पाटा-वरवंटा मोरीजवळ गेला. १९७० मध्ये निघालेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' लग्नाच्या आहेरातून घराघरात पोचलं आणि वाटी-चमच्यांच्या मापानं आमच्या आयांना सांगली-पुण्याकडचे पदार्थ करता यायला लागले. आमची आई त्यातली आमटी करायची आणि शेवटी वरून आपल्या काळ्या मसाल्याची चिमूट टाकायचीच. अमरावतीच्या गाड्यांवरचा गिलावडा खाऊन आल्यावर तिनं घरी केला तेव्हा चटणीत संत्र्याच्या सालीची चटणी मिसळली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सोयाबीन शेतात आणि मग घरात आलं. आधी त्याच्या कच्चट वासानं सगळे नाकं मुरडत. मग कळलं की दाणे उकळून, वाळवून, भाजूनच दळायचे आणि गव्हाच्या नऊ भागांत सोयाबीनचा एकच भाग मिसळायचा. आज वऱ्हाडात कितीतरी घरी कणीक तशीच दळून येते. त्याच सोयाबीननं शेतातली ज्वारी मागे सारली, ही दुसरी बाजूही खरी आहे. कधीकाळी गरिबाचं धान्य असलेली ज्वारी आज गव्हाहून महाग मिळते.

हे सारं आठवताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. या चवी ज्यांनी शोधल्या त्या सर्वांत शेवटी जेवायच्या. पंधरा पानं उठल्यावर कढईत जे उरलं असेल ते. कढीतले गोळे संपलेले असत, कढी असे. सोल्याच्या आमटीचा तळ भाकरीनं पुसून घेतलेला आम्ही कितीदा पाहिला आहे, आणि कढईत काही उरलं का, असं कुणी विचारलं नाही. आमच्या आठवणीतलं ते सुख त्यांच्या उपाशी दुपारींवर उभं होतं. त्यांच्या नावानं एकही पदार्थ नाही, कुठल्या पुस्तकावर त्यांचं नाव नाही. काळ्या मसाल्यात दगडफूल किती, हे मोठीमायनं कधी लिहून ठेवलं नाही, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. आम्हांला येत होतं, पण आम्ही कुणी विचारलं नाही. त्या गेल्या, आणि तो मसाला आता आमच्यापैकी कुणाच्याच घरी तसा होत नाही.

ज्यांच्या घरी आजी, मोठीमाय, आत्या अजून आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या डिसेंबरात तुरीच्या शेंगा आणा, त्यांना शेजारी बसवा आणि त्या सांगतील तसं करा. त्यांच्या मुठीतलं तिखट वाटीत ओतून मोजा, लसणाच्या पाकळ्या मोजा, आच किती आणि किती वेळ ते लिहा. गावाचं नाव लिहा, माहेर कुठलं ते लिहा, पाणी खारं होतं की गोडं ते लिहा. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं पूर्ण नाव घाला. आणि त्या दिवशी पहिलं पान त्यांचं वाढा.